परसातील मधमाशीचीही पाहणी हवी

गेल्या तीन-चार वर्षांपासून आमच्या सोयगावच्या परसबागांतून एक फरक आमच्या नजरेस येत आहे. तो या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावा, त्यावरून जे सुचले ते सांगावे आणि शेवटी एक लहानशी विनंती करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हेत. आमचे शिक्षण मराठी शाळेतले आणि उभी हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेलेली. परंतु पीकपाहणीचे तक्ते, पैसेवारीची पत्रके आणि सातबाऱ्याचे उतारे लिहिता लिहिता एक खोड अंगी जडली आहे. ती म्हणजे जे दिसेल ते तारीखवार लिहून ठेवावयाचे, आणि जे लिहिलेले नाही त्यावर सहसा भरवसा ठेवावयाचा नाही.

सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, खानदेशाच्या बाजूस वसलेले तालुक्याचे गाव होय. डोंगर जवळ असल्यामुळे मधमाशी येथे कधी नवलाची वस्तू नव्हती. आमच्या घरामागे दीड-दोन गुंठ्यांचे परस आहे. त्यात तुळशीचे वाफे, लिंबाचे एक जुने झाड, कढीपत्ता, शेवगा, आणि पावसाळ्यात मांडवावर चढविलेले काकडी, कारले व तांबडा भोपळा यांचे वेल असतात. आमच्या लहानपणी तुळस मंजिरीस आली म्हणजे सकाळी तेथे एवढा गुणगुणाट असे की, पाणी घालावयास जाणाऱ्या बायका तांब्या दुरूनच रिकामा करीत. आता त्याच वाफ्याशी बसून पुष्कळ वाट पाहावी तेव्हा एखाददुसरी माशी येते. दोन सालांमागे शेजारच्या एका वृद्ध बाईंनी कुंपणापलीकडून आम्हांस विचारले, “तात्या, भोपळ्याला फुले उदंड येतात, पण एक फळ धरत नाही. बोटाएवढे होते, पिवळे पडते नि गळून जाते. खत कोणते घालू?” आम्ही त्यांस राख व शेणखत सांगितले. तो सल्ला चुकीचा होता, हे आम्हांस पुढे समजले.

तांबड्या भोपळ्याच्या वेलास नर व मादी अशी दोन जातींची फुले निरनिराळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकला भोपळा आधीच दिसत असतो. नर फुलातील पराग जड व चिकट असल्यामुळे तो वाऱ्याने उडत नाही. तो कोणी तरी अंगावर वाहून मादी फुलात नेऊन टाकावा लागतो, आणि हे काम त्या एकाच सकाळी व्हावे लागते. कारण फूल पहाटे उमलते व ऊन चढले की मिटते. त्या सकाळी माशी आली नाही, तर तो चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो. पराग अपुरा पडला तर फळ वाकडे किंवा एका अंगाने खुरटलेले होते, व काकडीचीही हीच गोष्ट आहे. त्या बाईंच्या वेलास खताची उणीव नव्हती, पाहुण्याची उणीव होती. दुसऱ्या वर्षी आम्ही त्यांस भल्या सकाळी नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरविण्यास सांगितले. त्याप्रमाणे केल्यावर फळे धरली. त्या बाईंस आनंद झाला. आम्हांस मात्र चिंता वाटली, कारण जे काम आजवर फुकट होत होते ते आता म्हातारीच्या बोटांवर येऊन पडले होते.

येथे वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली ही की, फळ न धरण्याचा प्रत्येक दोष मधमाशीच्या गैरहजेरीवर टाकता येत नाही. आमच्या डोंगरात सीताफळ विपुल आहे, परंतु सीताफळाच्या फुलाचे काम मधमाशी करीत नसून अगदी बारीक भुंगे करतात. दोडक्याचे फूल तिन्हीसांजेस उमलते, त्यामुळे सकाळी तेथे माशी न दिसल्यास नवल नाही. ज्वारी व मका यांचे परागीकरण वाराच करतो. दुसरी गोष्ट ही की, मधमाशी ही फिरस्ती जात आहे. आग्या माशी ऋतूप्रमाणे मुक्काम हलविते, व फुलोरीदेखील फुले संपली की पोळे सोडून जाते. सबब एका महिन्यात माशी दिसली नाही एवढ्यावरून ती नाहीशी झाली असे म्हणणे म्हणजे एका नक्षत्रात पाऊस झाला नाही म्हणून दुष्काळ जाहीर करण्यासारखे होय.

मधमाशी म्हणजे एकच जात नव्हे, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे मुख्यतः चार जाती आढळतात. आग्या ही सर्वांत मोठी व रागीट. ती उंच झाडाच्या फांदीस अथवा कड्यास उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. फर्दापुरापासून जवळ असलेल्या अजिंठा लेण्यांच्या परिसरातही तिची मोहोळे लागतात, व ती उठल्यामुळे प्रवाशांची पळापळ झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. सातेरी ही मध्यम आकाराची. ती झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलोरी लहान असून ती लिंबाच्या किंवा मेंदीच्या झुडपात तळहाताएवढे पोळे करते. चौथी पोया. ती चिमुकली, नांगी न मारणारी, भिंतीच्या भेगेत राळेचे नळकांडे करून राहणारी. यांखेरीज वाळक्या लाकडात भोके पाडून राहणारा काळा भुंगा आहे, आणि गुलाबाच्या पानांचे अर्धगोल तुकडे कातरून नेणारी माशीही आहे. तिला पुष्कळ लोक कीड समजून मारतात. वस्तुतः तीही पराग वाहणारी असून तुरीच्या फुलांवर तिच्या जातीच्या माश्या मोठे काम करतात.

आता या सर्वांच्या राहण्याच्या जागांचा विचार केला असता फरकाची कारणे पुष्कळशी उघड दिसतात. आमच्या गावातील धाब्याची मातीची घरे एकामागून एक पडून त्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. राहणाराच्या दृष्टीने ती चांगलीच आहेत, परंतु जुन्या भिंतीतील कोनाडे, भेगा व पोकळ्या गेल्या आणि त्यांबरोबर सातेरी व पोया यांचा आसरा गेला. बांधावरील बाभूळ, बोर व हिवर तोडून तारेचे कुंपण आले. बांध अरुंद झाला व त्यावरील फुलणारे गवतही तणनाशकाने जाळले जाऊ लागले. ज्वारीच्या रानात करडईचे पाटे घालण्याची, कडेने जवस, तीळ, अंबाडी लावण्याची चाल आमच्या वडिलांच्या वेळी सर्वत्र होती. त्यामुळे वर्षाच्या बहुतेक महिन्यांत रानात काही ना काही फुललेले असे. आज आमच्या तालुक्यात पाहावे तिकडे कपाशी व मका. मक्याच्या तुऱ्यात माशीस पराग मिळतो, पण मध मिळत नाही. एका मोसमात भरपूर ताट आणि पुढे कित्येक महिने उपवास, अशी माशीची स्थिती झाली आहे.

आणि सर्वांत मोठे कारण औषधांचे. आपल्या देशात २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या काही काळ कमी झाल्या, परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींसाठी औषधे चालूच राहिली, आणि पुढे गुलाबी बोंडअळीही परत आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. जे मिश्रण पंप पाठीवर घेणाऱ्या धडधाकट माणसास लोळविते, ते फुलावर बसलेल्या माशीस सोडील असे कोणी समजू नये. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम व क्लोथियानिडिन ही जी औषधे रसशोषक किडींवर वापरली जातात, ती झाडाच्या रसात भिनतात व मध-परागापर्यंत पोचतात. याच कारणास्तव युरोपीय संघाने २०१८ साली या तिन्हींचा उघड्या शेतातील वापर बंद केला. डब्यावरील त्रिकोणाच्या रंगावर आपले शेतकरी फार विसंबतात. परंतु तांबडा, पिवळा, निळा व हिरवा हे रंग माणसास व जनावरास असणारा धोका दाखवितात. मधमाशीस असणारा धोका त्या रंगावरून कळत नाही, हे नीट ध्यानात ठेवावे.

येथवर आम्ही इतरांस दोष दिला. आता स्वतःचाही सांगितला पाहिजे. आमच्या घरासमोर एक मोठा पिंपळ आहे. त्यावर दरसाल थंडीच्या सुमारास आग्या मोहोळ लागत असे. आमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी मांडव त्या झाडाखाली पडणार होता. होमाच्या धुराने मोहोळ उठेल व वऱ्हाडी मंडळी फोडून निघतील अशी धास्ती वाटून, आम्ही एका माणसास पैसे देऊन रात्री पेटत्या टेंभ्याने ते जाळविले. सकाळी अंगणात मेलेल्या माश्यांचा असा थर पडला होता की, तो केरसुणीने लोटून पाटीने भरावा लागला. लग्न निर्विघ्न पार पडले. त्यानंतर त्या पिंपळावर आजपर्यंत एकदाही मोहोळ लागलेले आम्ही पाहिले नाही. मांडव चार हात पलीकडे घालता आला असता, ही साधी गोष्ट त्या वेळी आम्हांस सुचली नाही. वर्ध्याकडे ग्रामोपयोगी विज्ञानाचे काम करणाऱ्या मंडळींनी आग्या माशीस न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून व पिलांचा भाग राखून मध काढण्याची रीत लोकांस शिकविली आहे. असे करणारी माणसे बोलाविता आली असती, हेही पुढे समजले.

पण त्याहून अधिक आम्हांस एक दुसरी गोष्ट टोचते. ते मोहोळ प्रथम कोणत्या साली लागले, ते किती वर्षे येत होते, तुळशीवर सातेरी अधिक असे की फुलोरी, आणि ती कोणत्या सालापासून कमी झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. ज्या मनुष्याने गावोगावच्या विहिरी, झाडे व पिके यांच्या नोंदी वर्षानुवर्षे हाताखालून घातल्या, त्याने स्वतःच्या परसातील माशीबद्दल एक ओळ लिहिली नाही. आमच्याजवळ आहे ती केवळ आठवण. कचेरीत कोणी “साहेब, पूर्वी येथे वाट होती” असे म्हणत आला, की आम्ही त्यास कागद मागत असू. आज मधमाशीच्या बाजूने आम्ही उभे राहिलो आणि कोणी आमच्याकडे कागद मागितला, तर आमचे हात रिकामे आहेत.

सरकार काही करीत नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. महाबळेश्वर येथे १९४६ सालापासून मधमाशापालनाचे काम चालू आहे, पुण्यास १९६२ साली मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली, २०२० साली केंद्र सरकारने मधमाशापालनाच्या राष्ट्रीय अभियानास ५०० कोटी रुपये मंजूर केले, आणि २०२२ साली सातारा जिल्ह्यातील मांघर हे गाव देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. या गोष्टी स्तुत्य आहेत. परंतु त्यांचा सर्व रोख पेटीतील माशी व बाटलीतील मध यांवर आहे. आग्या व फुलोरी पेटीत राहत नाहीत. आपल्या परसात व बांधावर फुकट राबणारी रानमाशी कोणाच्याही हिशेबात नाही. दर पाच वर्षांनी पशुगणना होते, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी मोजली जाते. परंतु रानमाशीस त्यात रकाना नाही. ज्यास रकाना नाही ते गेले तरी वजाबाकी मांडली जात नाही.

याचा अनुभव पूर्वी येऊन चुकला आहे. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरी माशीवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणुरोग आला व पेट्यांमधील बहुतेक वसाहती बसल्या. त्या पेटीत होत्या म्हणून मधपाळांस मोजता आल्या. रानातल्या ढोलीत किती मेल्या याचा हिशेब कोण देणार? उलट जर्मनीतील क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटकनिरीक्षकांची गोष्ट पाहावी. त्यांच्या मंडळाने राखीव रानांत एकाच तऱ्हेच्या जाळ्या लावून, त्यांत सापडणाऱ्या उडत्या कीटकांचे वजन वर्षानुवर्षे लिहून ठेवले. २०१७ साली तो हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा २७ वर्षांत ते वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे आढळले व साऱ्या जगाचे डोळे उघडले. आमच्यासारख्या आठवणी सांगणाऱ्यांकडून हे झाले नसते. त्यांच्याजवळ वही होती म्हणून झाले.

यास्तव आमची विनंती अशी आहे. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करू लागला आहे. त्याच शेतकऱ्याने परसातील माशीची नोंद एका साध्या वहीत करावी. दर महिन्याच्या १ व १५ तारखेस, सकाळी ८ वाजता, ठरलेल्या एकाच जागी पाव तास बसावे. तुळस प्रत्येकाच्या दारी असते, सबब तीच जागा धरल्यास उत्तम. वहीत तारीख, आभाळ निरभ्र की ढगाळ, फुलावर असलेली झाडे, आग्या, सातेरी, फुलोरी, पोया, भुंगे व इतर, आणि आसपास कोणत्या औषधाची फवारणी केव्हा झाली, असे रकाने आखावेत. जात ओळखू आली नाही तर मोठी, मध्यम, लहान एवढेच लिहावे, अंदाजाने नाव घालू नये. माशी मुळीच न आढळल्यास रकाना कोरा न ठेवता शून्य लिहावे. कोऱ्या रकान्यावरून पाहणी झाली नाही की माशी आली नाही हे पुढे कळत नाही, आणि या सर्व वहीत शून्यच कदाचित सर्वांत मोलाचा आकडा ठरेल. घरातील शाळकरी मुलांकडे हे काम सोपविल्यास ती आनंदाने करतात, असा आमचा अनुभव आहे. आपल्या संस्थेने वर्षअखेर या वह्या मागवून गाववार तक्ता छापावा. तीन वर्षांच्या आत या मासिकाजवळ असा दाखला तयार होईल की, तो घेऊन कृषी खात्याच्या दारात उभे राहता येईल.

दरम्यान ज्यास वही लागत नाही ती कामे तर आजच करावीत. पीक फुलावर असताना शक्यतो फवारणी टाळावी, व करणे भागच असल्यास माशा घरी परतल्यावर सायंकाळी करावी. शेजाऱ्यास आदल्या दिवशी सांगावे. एक हातभर बांध तणनाशकावाचून ठेवावा. करडई, तीळ, कोथिंबीर व झेंडू यांच्या दोन-दोन ओळी कडेने टाकाव्यात. उन्हाळ्यात पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे, म्हणजे माशी बुडत नाही. आणि मोहोळ दिसताच टेंभा शोधू नये.

यावर काही मंडळी म्हणतील की, कर्ज, भाव, पाऊस यांच्या काळजीत असलेल्या शेतकऱ्यास माश्या मोजावयास सांगणे ही थट्टा आहे. आम्ही उलट विचारतो की, ज्या मजुराची मजुरी आपण कधी दिली नाही, तो कामावर येईनासा झाला, तर त्याची चौकशी करणे ही थट्टा कशी? कांदा बीजोत्पादन करणाऱ्यांस विचारा. कांद्याच्या एका फुलातील पराग त्याच फुलातील स्त्रीकेसर तयार होण्यापूर्वी झडतो, त्यामुळे माशीवाचून बी भरत नाही. चीनमधील सिच्वान प्रांतात नासपतीच्या बागांतून माणसे झाडावर चढून पिसांच्या कुंच्याने फुलाफुलास पराग लावतात. परसातील चार वेल म्हातारीच्या बोटांनी निभावतील. एकरभर रान निभावणार नाही.

आम्ही गेल्या चैत्रापासून आमची वही सुरू केली आहे. तीत शून्ये पुष्कळ आहेत. पहिले पान पन्नास वर्षांपूर्वी लिहिले गेले असते तर त्या शून्यांचा अर्थ आज सांगता आला असता, ही रुखरुख आम्हांस कायम राहील. वाचकांनी तरी ती आपल्या मुलांच्या वाट्यास येऊ देऊ नये, एवढे सांगून हा लेख पुरा करतो.